सभेच्या मागे अर्धे मिनिट

परभणीत सभा न होण्याची कारणे पूर्वी ठरलेली असत. वक्ते आले नाहीत, वीज गेली, किंवा नेमकी त्याच दिवशी गावात तीन लग्ने निघाली. आता त्यात एका कारणाची भर पडली आहे. किल्ली चुकली. ही किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. तिच्यातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी सभा होते. पण ती सभेबाहेरच्या कुणालाही दिसत नाही. आयोजक मात्र कॅमेऱ्याकडे पाहून "जगभरातून आपल्याला पाहत असलेल्या बंधुभगिनींनो" असे म्हणत राहतात.

ती किल्ली बरोबर लावणे हे माझे हल्लीचे काम आहे.

त्याआधी मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. आलेली बातमी तपासायची, मथळा द्यायचा, पानात बसवायची. त्या नोकरीच्या हकिकती इथे सांगायच्या नाहीत. परभणीचे डेस्क बंद झाले, तेव्हा त्याच कार्यालयातले छायाचित्रकार रशीदभाई आणि मी असे दोघे रिकामे झालो, आणि दोघांनी मिळून हे काम सुरू केले, एवढे पुरे. ऑनलाइन चाललेली सभा एकाच वेळी अनेक ठिकाणी थेट दाखवायची, असे त्याचे स्वरूप आहे. संगणक माझ्याकडे आणि इंटरनेटची लाइन रशीदभाईंकडे, अशी वाटणी आहे. ते दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी आणि एक बॅटरी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. "लाइन और जमाई," ते म्हणतात, "दोनो का भरोसा नै. कब रूठेंगे, पता नै."

स्टेशन रोडवर आम्ही ज्या हॉटेलात चहा घेतो, त्याच्या मालकाने एकदा विचारले, "सर, लग्नाची शूटिंग समजते. तुमी नेमकं काय करायलात ते समजंना."

त्यांना जे सांगितले तेच इथे सांगतो. ऑनलाइन सभा ही एक खोली आहे. तिच्यात ठरावीक माणसे मावतात. आत असलेल्याला बोलता येते, हात वर करता येतो. आम्ही त्या खोलीला खिडक्या पाडतो. एक खिडकी व्हिडिओच्या साइटवर, दुसरी ओळखीपाळखीच्या लोकांच्या साइटवर, तिसरी संस्थेच्या स्वतःच्या पानावर. कंपन्यांची नावे देत नाही. ती बदलत राहतात, काम तेच राहते. खिडकीतून कितीही लोकांना आत पाहता येते. बोलता मात्र येत नाही. फार तर चिठ्ठी टाकता येते. त्या चिठ्ठीला कॉमेंट म्हणतात.

"म्हणजे बाहेरून बगायचं," मालक म्हणाले. "मग खिडकीतल्याला चहा न्हाई."

"नाही."

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. खिडकीतून जे दिसते ते आत्ताचे नसते. आमच्याकडून निघालेले चित्र कंपनीकडे जाते, तिथे त्याचे तुकडे पाडले जातात, ते साठवले जातात आणि मग पाहणाऱ्याकडे पोहोचतात. यात अर्धे मिनिट जाते. एखाद्या खिडकीत थोडे कमी, एखादीत जास्त. वर्तमानपत्रात काम केलेल्याला हे नवे नाही. दूरच्या तालुक्यांचा अंक लवकर छापून गाडीत टाकावा लागे. त्याला डाक आवृत्ती म्हणत. डाक आवृत्तीत क्रिकेटचा सामना अर्धाच असे, शहर आवृत्तीत निकाल असे. जिंतूरचा वाचक सकाळी "सामना रंगतदार स्थितीत" असे वाचत असे, तेव्हा परभणीचा वाचक हरल्याचे दुःख आवरून कामाला लागलेला असे. दोघेही एकाच वर्तमानपत्राचे वाचक.

हे अर्धे मिनिट म्हणजे काय, याचे कुतूहल मला तेव्हापासून आहे. या लेखातली सगळी हकिकत त्या अर्ध्या मिनिटाची आहे.

सुरुवातीच्या कामांपैकी एक शोकसभा होती. चारठाण्याजवळच्या एका गावचे निवृत्त मुख्याध्यापक वारले होते. त्यांचे विद्यार्थी पुण्यात, हैदराबादेत, आखाती देशांत. खोली भरली आणि तिन्ही खिडक्यांवर गर्दी झाली. भाषणे झाली. शेवटी दोन मिनिटे स्तब्धता पाळायचे ठरले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पडद्याकडे पाहत होतो. थोड्या वेळाने पहिली चिठ्ठी आली: "आवाज येत नाही." मग दुसरी: "आवाज गेला." मग लागोपाठ: "म्यूट काढा", "इकडे पण येईना", "ऑपरेटर झोपला का". स्तब्धता अर्धी झाली असेल नसेल, तोच दिवंगत मुख्याध्यापकांच्या चिरंजीवांचा फोन वाजला. त्यांनी मान खाली ठेवूनच तो कानाला लावला आणि हळू आवाजात, पण सगळ्या सभेला ऐकू जाईल असे म्हणाले, "काका, आवाज कामून यील? मौन चालू हाय."

त्या दिवसापासून आमच्याकडे एक तयार पट्टी असते. स्तब्धता सुरू झाली की ती पडद्याच्या तळाशी लावायची: "मौन सुरू आहे. आवाज व्यवस्थित आहे." समोर बसलेल्या माणसाला शांतता ऐकू येते. दूरच्या माणसाला ती बिघाड वाटते. बातमीच्या धंद्यात इतकी वर्षे घालवूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते.

दुसरे काम परभणीतल्याच एका बौद्ध वसाहतीचे. पौर्णिमेची सामूहिक वंदना ऑनलाइन घ्यायची होती. सांगणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे म्हणून सगळ्यांचे माइक उघडे ठेवले. ताईंनी पहिला शब्द उच्चारला आणि पाठोपाठ तोच शब्द घराघरांतून मागेपुढे येऊ लागला. एकाचा संपतो तोवर दुसऱ्याचा निम्म्यावर, तिसऱ्याचा सुरू. ओळ पुढे जाईना.

"थांबा रे," ताई म्हणाल्या. "ही वंदना न्हाई, सोमवारचा बाजार झाला."

मी त्यांना सांगितले की खोलीतही प्रत्येकाचा आवाज कमीअधिक उशिरा पोहोचतो, त्यामुळे एका सुरात म्हणणे इथे शक्य नाही. सगळ्यांचे माइक बंद करू, तुम्ही एकट्या म्हणा, बाकीचे आपापल्या घरी म्हणतील.

"म्हणजे मी म्हणायचं, न् बाकीचे म्हणायलेत असं समजायचं?"

"हो."

"शाळेत पाढे असेच व्हायचे," ताई म्हणाल्या. "नुसते ओठ हलवणारे लय असायचे." आणि त्यांनी वंदना सुरू केली. ती उत्तम झाली.

त्यानंतर हा आमचा नियमच झाला. खोलीत एकाने बोलायचे, इतरांचे माइक बंद. वंदनेला, व्याख्यानाला, शेतकऱ्यांच्या मार्गदर्शनाला हा नियम चालतो. दूध संस्थेच्या सभेला तो चालला नाही.

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावची ही सहकारी दूध संस्था. गावाचे नाव देत नाही, माणसांची नावे बदलली आहेत. गावाला लागून ओढा आहे आणि ओढ्यावर नळकांडी पूल. पुलापलीकडे संस्थेच्या सभासदांची वस्ती. वस्तीवर दूध संकलनाचे एक छोटे केंद्र: एक खोली, एक काटा, फॅट काढण्याचे यंत्र. वस्तीवरच्या बायका सकाळ-संध्याकाळ तिथे दूध घालतात, आणि टेम्पो पलीकडच्याच रस्त्याने ते गंगाखेडला नेतो. हा टेम्पो संस्थेला परवडत नव्हता. म्हणून वार्षिक सभेपुढे एक विषय ठेवला होता: पलीकडचे केंद्र बंद करून ते गावातल्या मुख्य केंद्रात विलीन करणे. तसे झाले असते तर वस्तीवरच्या बायकांना दोन्ही वेळा किटल्या घेऊन पूल ओलांडून गावात यावे लागले असते.

सभेच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. पुलावरून पाणी वाहू लागले. वार्षिक सभेची मुदत संपत आली होती, पुढे ढकलता येत नव्हती. म्हणून चेअरमन उद्धवराव यांनी सभा ऑनलाइन घ्यायचे ठरवले. संस्थेने घेतलेल्या खोलीत शंभर माणसे मावत होती आणि सभासद त्याहून बरेच जास्त होते. उरलेल्यांनी खिडक्यांतून पाहावे आणि मत चिठ्ठीने कळवावे, असा निरोप गावभर गेला. त्या खिडक्यांसाठी सचिवांनी आम्हाला बोलावले.

संस्थेच्या कार्यालयात एका लांब टेबलाशी उद्धवराव आणि सगळे संचालक बसले होते. त्यांच्यापुढे एक माइक. टेबलाच्या टोकाला मी, माझ्यापुढे तीन खिडक्यांचे तीन चौकोन. रशीदभाई दाराशी, दोन जोडण्यांवर डोळा ठेवून.

सहकारी संस्थांच्या सभा मी उपसंपादक होण्याआधी वार्ताहर म्हणून पाहिल्या होत्या. अध्यक्ष विषय वाचतात आणि विचारतात, "मंजूर?" पुढच्या रांगा ओरडतात, "मंजूर!" पुष्कळदा विषय वाचून व्हायच्या आधीच. मागच्या रांगांत पावसाची, पोरांच्या लग्नाची चर्चा चाललेली असते. पण त्या मागच्या रांगेतून कुणाला विरोध करायचा असेल तर तो उठतो. उठायला वेळ लागतो. धोतर सावरतो, पदर नीट करतो, शेजाऱ्याच्या खांद्याला धरतो. आणि तो उठतोय हे अध्यक्षांना दिसते. त्याचे म्हणणे मान्य होवो न होवो, त्याच्यासाठी सभा थांबते. ऑनलाइन सभेत कुणी उठताना दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

उद्धवरावांना सभा वेगाने नेण्याची सवय होती. एकेक विषय वाचत, "मंजूर?" म्हणत, टेबलाभोवतीचे संचालक "मंजूर, मंजूर" म्हणत आणि पुढचा विषय येई. खोलीतल्या सगळ्यांचे माइक आमच्या नियमाप्रमाणे बंद होते. सहावा विषय पलीकडच्या केंद्राचा होता. तो वाचला गेला. "मंजूर?" "मंजूर, मंजूर." उद्धवरावांनी कागद उलटला आणि सातवा विषय वाचायला घेतला: दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या सभासदांच्या मुलामुलींचा संस्थेतर्फे सत्कार करणे.

तेवढ्यात पहिल्या खिडकीत चिठ्ठी आली: "नामंजूर." मग दुसऱ्या खिडकीत: "नामंजूर." मग एकामागून एक. चिठ्ठ्या कार्यालयातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरही दिसत होत्या. उद्धवराव वाचता वाचता थांबले.

"आरती ब्युटी पार्लर म्हणतंय, नामंजूर," त्यांनी मोठ्याने वाचले. "पार्लर आपल्याकडं दूध घालतंय का?"

संचालक हसले.

"आन् कामून नामंजूर? पोरं पास झाली, त्यांना एक नारळ न् शाल द्यायची, तर ह्यांच्या पोटात दुखायलंय. लिहून घ्या सचिव, कोण कोण हायेत ते. गावाला कळू द्या."

सचिवांनी पेन उचलले. ती सगळी दृश्ये खोलीत आणि खिडक्यांत जात होती.

बातमीदाराने बातमीत शिरायचे नाही, हा नियम मी आयुष्यभर पाळला. या नव्या कामातही तो पाळत आलो. सभा ज्यांची, बोलणे त्यांचे. आम्ही फक्त दाखवतो. पण वर्तमानपत्रात आणखी एक नियम आहे. एका बातमीचा मथळा दुसऱ्या बातमीवर लागला तर तो दुरुस्त करणे उपसंपादकाचे काम असते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. इथे नेमके तेच झाले होते. सहाव्या विषयाचा मथळा सातव्यावर लागला होता.

मी म्हणालो, "चेअरमनसाहेब, हे नामंजूर सत्काराला नाही. आधीच्या विषयाला आहे. तिकडच्या लोकांना तुमचं बोलणं अर्धं मिनिट उशिरा पोहोचतं. त्यांनी सहावा विषय आत्ता ऐकला."

"सहावा मंजूर झाला की," उद्धवराव म्हणाले. "आपण पुढं गेलोत."

दाराशी उभ्या असलेल्या रशीदभाईंनी तोंड उघडले. "चेअरमन साब, तुमी आगे निकल गए. उनो अभी वहींच खडे हैं."

उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग आता मंजूर झालेलं काय परत घेऊ?"

ते ठरवणे माझे काम नव्हते. तेवढ्यात आरती ब्युटी पार्लरची दुसरी चिठ्ठी आली. ती लांब होती: "मी गयाबाईंची सून. आत्याबाई सभासद आहेत. त्यांना बोलायचे आहे. मी फक्त टाइप करायले."

गयाबाई कोण, हे टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना माहीत होते. वस्तीवर राहणारी, दोन म्हशी पाळणारी, संस्था स्थापन झाली तेव्हापासून दूध घालणारी बाई. सून आरती घरीच पार्लर चालवते, तिच्या पार्लरच्या पानावरून ती सभा पाहत होती. सचिवांनी पेन खाली ठेवले.

"घ्या आत गयाबाईला," उद्धवराव म्हणाले. "बोलू द्या."

खोली भरलेली होती. शंभरच्या शंभर. कुणी बाहेर पडल्याशिवाय कुणी आत येऊ शकत नव्हते. मी आत कोण कोण आहे ते पाहिले आणि एक मजेशीर गोष्ट दिसली. टेबलाशी बसलेले सगळे संचालक आपापल्या फोनवरून खोलीतही बसले होते. आपले नाव पडद्यावर दिसावे म्हणून. समोर खुर्चीवर एकदा, खोलीत एकदा. उपाध्यक्षांचे तर दोन फोन आत होते.

"उपाध्यक्षसाहेब, एक फोन बाहेर काढता का?" मी विचारले.

"कोणता काढू?"

"कोणताही. तुम्ही इथेच आहात."

संचालकांत पुन्हा हशा झाला, या वेळी वेगळ्या कारणाने. उपाध्यक्ष एक फोन बंद करत होते, तोवर उद्धवराव शेजारच्या संचालकाला पुन्हा म्हणाले, "सहावा मंजूर झाला की. आपण पुढं गेलोत." जागा झाली आणि गयाबाई आत आल्या.

पडद्यावर आधी छत दिसले, मग आरतीचा अंगठा, मग नाकापर्यंत पदर घेतलेला एक चेहरा. मागे बायका दाटीवाटीने बसलेल्या. कोपऱ्यात टीव्ही. त्या टीव्हीवर आमचीच सभा सुरू होती. अर्धे मिनिट मागची.

"नमस्कार करते सगळ्याला," गयाबाई म्हणाल्या. "माझं म्हणनं आसं हाय की—"

मागून टीव्हीतले उद्धवराव मोठ्याने म्हणाले, "सहावा मंजूर झाला की. आपण पुढं गेलोत."

गयाबाई थांबल्या. "आवो, मी बोलायले न् तुमी मंजूर म्हणायलात?"

"मी काही म्हणलो न्हाई, गयाबाई," कार्यालयातले उद्धवराव म्हणाले. "बोला तुमी."

"आत्ता म्हणले की. समद्यांनी ऐकलं." मागच्या बायकांनी माना हलवल्या.

"ते मगाचं म्हणलेलं हाय."

"मगाचं आत्ता कामून म्हणायलात मग?"

उद्धवरावांनी कपाळाला हात लावला. मी आरतीला सांगितले की टीव्ही बंद करा, म्हणजे मागचा आवाज येणार नाही. आरतीने ते गयाबाईंना सांगितले.

"टीवी बंद न्हाई करायची," गयाबाई म्हणाल्या. "बंद केली तर तिकडं काय करायलेत ते कसं दिसंल?"

शेवटी टीव्हीचा आवाज तेवढा बंद झाला. चित्र चालू राहिले. यापुढे गयाबाई एकाच वेळी दोन उद्धवरावांशी बोलत होत्या: हातातल्या फोनमधल्या आत्ताच्या, आणि समोरच्या टीव्हीवर तोंड हलवणाऱ्या मघाच्या.

"तर आसं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी केंद्र बंद करायचं म्हणायलात. दूध गावात आना म्हणायलात. आनू की. आमाला चालायचं काय भेव हाय का? पन ही सभा दरसाल मारुतीच्या देवळात होती. औंदा फोनवर कामून घेतली?"

"पुलावर पाणी हाय म्हणून, गयाबाई. तुमाला माहितेय ते."

"व्हय ना. पानी हाय म्हणून मानसं येऊ शकंनात. म्हणून फोनवर. मग मानसं येऊ शकंनात तर दूध कसं यील? मी काय फोनवर दूध घालू?"

उद्धवराव माइककडे पाहत राहिले. संचालकांपैकी कुणी पाण्याच्या ग्लासाकडे, कुणी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत होते. सभा ऑनलाइन का आहे हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होते, सहावा विषय काय आहे हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मीही दोन्ही पट्ट्या स्वतः टाइप केल्या होत्या: "पुलावरील पाण्यामुळे सभा ऑनलाइन" आणि "विषय सहावा: केंद्राचे विलीनीकरण". मलाही दिसले नव्हते.

त्या शांततेत पहिल्या खिडकीत चिठ्ठी आली: "आवाज येत नाही." मग दुसरीत: "आवाज गेला का?"

मी ती नेहमीची पट्टी लावावी की काय, असा क्षणभर विचार केला.

उद्धवराव तसे वाईट गृहस्थ नव्हते. वेगाने जाणारे होते, एवढेच. ते म्हणाले, "सहावा विषय तहकूब. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत पलीकडचं केंद्र चालू राहील. टेम्पोचं काय करायचं ते संचालक मंडळ बसून बघील. मंजूर?"

"मंजूर, मंजूर," संचालक म्हणाले, आणि उद्धवरावांचा हात सवयीने कागद उलटायला गेला. मी हात वर केला: थांबा. ते थांबले. पण नुसते थांबणे त्यांना जमेना. सगळे गाव पाहत असताना काही न करता बसायचे म्हणजे काय करायचे? त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायला सुरुवात केली. सावकाश, घोट घोट. सगळे संचालक त्यांच्याकडे पाहत होते. रशीदभाई कुजबुजले, "पूरा ग्लास पीना पडता, साब." त्यांनी पूर्ण ग्लास संपवला. ग्लास खाली ठेवला तेव्हा चिठ्ठ्या येऊ लागल्या होत्या. मंजूर. मंजूर. मंजूर.

"आरती ब्युटी पार्लर, मंजूर," उद्धवरावांनी वाचून दाखवले. मग सचिवांना म्हणाले, "ग्लास भरून ठेवा. अजून विषय हायेत."

उरलेले विषय त्याच पद्धतीने झाले. सत्कार सर्वानुमते मंजूर झाला. सभा नेहमीच्या दीडपट चालली आणि उद्धवरावांना मध्ये एकदा उठून जावे लागले.

परत येताना रशीदभाई आणि मी याच विषयावर बोलत होतो. याआधी आम्ही कितीतरी सभा दाखवल्या. त्या सगळ्यांत अध्यक्ष पुढे गेल्यावर मागून काय काय आले असेल, कोणत्या विषयाचा होकार किंवा नकार कोणत्या विषयाखाली जाऊन पडला असेल, हे कुणी पाहिले नव्हते. मी घरी येऊन जुन्या चित्रफिती शोधल्या. एका खिडकीवरच्या मुदत संपल्यामुळे पुसल्या गेल्या होत्या, उरलेल्या दोन्हींवर चित्र होते पण चिठ्ठ्या नव्हत्या. वर्तमानपत्राचा अंक रद्दीत तरी सापडतो. ही हळहळ या धंद्यात कायमची आहे.

त्या सभेपासून कुणाचेही काम घेताना आम्ही एक अट सांगतो. जिथे मत विचारायचे आहे तिथे थांबावे लागेल, खिडकीतल्यांचे येईपर्यंत. काही आयोजकांना ती पटते. काही म्हणतात, एवढा वेळ कोण थांबणार? एका संस्थेने आमच्याऐवजी दुसऱ्यांना काम दिले. त्यांच्या सभा लवकर आटोपतात, असे ऐकतो.

पुढच्या वर्षी पावसाने उघडीप दिली होती. दूध संस्थेची सभा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाली. आमचे तिथे काम नव्हते, तरी उद्धवरावांनी दोघांना बोलावणे पाठवले. आम्ही एका खांबाला टेकून बसलो. सगळे सभासद समोर होते. खोली नव्हती, खिडक्या नव्हत्या, किल्ली नव्हती. पुढच्या रांगेत पुरुष, मागे बायका, अगदी मागे वस्तीवरच्या. त्यांच्यात गयाबाई आणि आरती.

तहकूब विषय पहिलाच होता. उद्धवरावांनी वाचला: पलीकडचे केंद्र कायम ठेवणे, टेम्पो दोन्ही केंद्रांना मिळून एकच, एका फेरीत. "मंजूर?"

"मंजूर!" सभामंडप दुमदुमला. पुढच्या रांगाही ओरडल्या, मागच्याही. वस्तीवरच्या बायका सर्वांत मोठ्याने. होकार यायला एक क्षणही लागला नाही.

उद्धवरावांनी ग्लास उचलला आणि पाणी प्यायला लागले.

पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. ते सावकाश पीत राहिले. नजर ग्लासाच्या कडेवरून थेट शेवटच्या रांगेवर. तिथे कुणी पदर सावरत उठतेय का, ते पाहत होते. रशीदभाईंनी मला कोपराने ढोसले.

शेवटच्या रांगेत गयाबाई खरोखर उठल्या. आरतीच्या खांद्याला धरून, वेळ घेऊन.

"चेअरमनसाहेब," त्या म्हणाल्या, "मी हितंच हाय. मंजूर म्हणलंय मी."

उद्धवरावांनी ग्लास तोंडापासून काढला नाही. डावा हात वर करून, बोटे मिटून-उघडून त्यांनी खूण केली: थांबा. मग उरलेले पाणी संपवले, ग्लास खाली ठेवला, आणि दुसऱ्या विषयाचा कागद हातात घेतला.